वाटी-चमच्याचे माप

पाकशास्त्राच्या पुस्तकांना आपल्या वाङ्मयेतिहासाच्या पंगतीत पान मांडले जात नाही. १८७५ साली 'सूपशास्त्र' छापले गेले, १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' आले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालची. 'रुचिरे'चे महत्त्व आम्हांला तिच्या मापांत दिसते. तिचे माप वाटी-चमच्याचे. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत सरकली होती. तिथल्या दोन खोल्यांच्या नव्या संसारात 'अंदाजाने घाल' असे सांगणारी सासू वा आई हाताशी असेलच असे नव्हते. वाटी मात्र प्रत्येकीकडे होती.

पुढे दोनच वर्षांत दुष्काळ आणि महागाई. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह मुंबईतील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मोर्चाची नोंद झाली; त्याच स्त्रियांनी घरी केलेल्या पुरवठ्याची झाली नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरल्या भाताला फोडणी, दुधीच्या सालांची चटणी : यांना वाटीचे माप लागू पडत नाही, कारण किती उरेल हे आधी कोणाला ठाऊक असते? तेथे पुन्हा अंदाजच. (ज्याला आपण साहित्यात प्रतिभा म्हणतो, तो!) त्याचा लेखी पुरावा असलाच तर 'रुचिरे'च्या जुन्या प्रतींच्या समासांत, 'तेल निम्मे' अशा एखाद्या पेन्सिलीच्या नोंदीत असेल, आणि घरे रिकामी होताना त्या प्रती रद्दीत जात आहेत.