बोलक्या बाहुलीमागचा हात

यवतमाळच्या जुन्या माणसांसमोर नुसतं ‘शकुंतला’ म्हणून बघा. नात्यातल्या एखाद्या बाईबद्दल बोलावं तसं ते एका रेल्वेगाडीबद्दल बोलायला लागतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन इंग्रजांच्या काळात कापूस वाहून नेण्यासाठी टाकली गेली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत या लाइनवर धावलं. मग डिझेल इंजिन आलं. इंजिन बदललं, पण लोकांच्या तोंडी गाडी ‘ती’च राहिली.

या लोखंडाला चेहरा नव्हता. काही सांगायचं तर शिट्टी तेवढी होती. रेल्वेत शिट्टीची भाषा ठरलेली असते. फाटक जवळ आलं की एक लांब, अखंड शिट्टी. धोका दिसला की भराभर छोट्या शिट्ट्या. या छोट्या शिट्ट्या ऐकल्या की छातीत धस्स होतं, कारण घाबरलेला माणूसही असाच तुटक तुटक ओरडतो. पण भीती इंजिनाला वाटत नव्हती. ती शिट्टी वाजवणाऱ्या ड्रायव्हरची होती.

यंत्रं आपल्याला भावना कशा दाखवतात याचा इतिहास वाचताना मी प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारत गेलो: यामागे हात कुणाचा?

निम्मा हात आपलाच असतो. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकोनी खोली, एवढंच. आकार इकडून तिकडे सरकतात, बस. तरी बघणाऱ्यांपैकी जवळपास सगळ्यांनी तिची गोष्ट करून सांगितली: मोठा त्रिकोण दादागिरी करतो, वर्तुळ घाबरतं. आपल्याकडे याला प्रयोगशाळा लागत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मिरवणारी पोरं बघा. त्यांच्यासाठी तो बैल दमतो, त्याला भूक लागते. मोठे तरी कुठे वेगळे आहेत? ऐन ओलिताच्या वेळी शेतातली मोटर बंद पडली की आपणही म्हणतो, “रुसली!”

उरलेला निम्मा हात कलावंताचा. मराठीत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अर्धवटराव. शब्दभ्रमकार य. के. पाध्ये यांची ही बोलकी बाहुली आता शंभरी ओलांडून गेली आहे. १९६७ पासून त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये तिला बोलतं करत आले. बाहुलीचा जबडा हलतो, मान वळते, डोळे फिरतात. एवढ्यावर राग, लाज, आगाऊपणा सगळं उभं राहतं. खरी कमाल वेळेची असते. अर्धवटराव काहीतरी खोचक बोलतो, मग क्षणभर थांबतो, आणि शेजारी बसलेले पाध्ये त्याच्याकडे चमकून बघतात. त्यांना धक्का बसला म्हटल्यावर आपल्यालाही ती बाहुली जिवंत वाटते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पाध्ये लपत नाहीत. ते स्टेजवरच बसलेले असतात, हात बाहुलीच्या पाठीत असतो, आणि हे सगळ्या सभागृहाला माहीत असतं. आपण फसतो, पण राजीखुशीने.

आता अमेरिकेत चला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमआयटीमध्ये सिंथिया ब्रेझील यांनी ‘किस्मेट’ नावाचा रोबो तयार केला. नुसतं डोकं; पण भुवया, पापण्या, ओठ आणि कान हलणारे. एकटा ठेवला की उदास व्हायचा, फार जवळ गेलं की मागे सरायचा. त्याला काही वाटत होतं म्हणून नव्हे. असा चेहरा दिसला की माणूस आपोआप जवळ येतो किंवा मागे हटतो, आणि रोबोला समजेल अशा अंतरावर राहतो. म्हणजे भावना हे माणसाकडून हवं ते करून घेण्याचं साधन होतं. अर्धवटरावाचा जबडा हाताने हलायचा, किस्मेटच्या भुवया प्रोग्रामने. हात आता पडद्यामागे गेला होता.

चेहऱ्याचीही गरज नसते, हे त्याआधीच कळलं होतं. १९६६ साली जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलिझा’ हा गप्पा मारणारा प्रोग्राम जाहीर केला. तो माणसाचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. तरी वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने, ज्यांनी त्याचं काम होताना पाहिलं होतं, त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला एलिझाशी खासगी बोलायचं होतं! वायझेनबाम हादरले आणि पुढे याच भुलीविरुद्ध लिहीत राहिले.

आज ती एलिझा तुमच्या खिशात आहे, आणि कितीतरी हुशार झाली आहे. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी आमच्या जिल्ह्यात किती घरांत रात्रीची झोप उडते, हे वेगळं सांगायला नको. अशा रात्री दोन वाजता कुणी मोबाइलमध्ये लिहितं, “झोप येत नाही.” उत्तर येतं, “हे ऐकून मला वाईट वाटलं.” वाक्य मऊ आहे, आणि त्याने बरंही वाटेल. मला त्या बरं वाटण्याची चेष्टा करायची नाही. पण हे वाक्य कुणी घडवलं, तुम्ही आणखी किती वेळ बोलत राहण्यात कुणाचा फायदा आहे, हे स्क्रीनवर दिसत नाही. पाध्ये शेजारच्या खुर्चीत दिसायचे. इथे खुर्ची रिकामी आहे.

कायदा आता त्या खुर्चीकडे बघायला लागला आहे. समोर माणूस नसून यंत्र आहे हे वापरणाऱ्याला कळलं पाहिजे, असं युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात आहे. आपण मात्र कायद्याची वाट बघायची गरज नाही. ॲप प्रेमाने बोललं की आधी विचारायचं: हात कुणाचा? आणि दुखणं खरंच जड असेल तर ज्याच्या गळ्यातून आवाज येतो अशा माणसाशी बोलायचं. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आणि चोवीस तास चालू आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प झाला, तर ती शांतता त्याची स्वतःची असते.