पेरोव्हस्काइटातील फेरोविद्युत आणि बहुफेरोइक वर्तन

बाह्य विद्युत क्षेत्र नसतानाही काही स्फटिकांत विद्युत ध्रुवण टिकून राहते आणि क्षेत्र उलट दिशेने लावले की तेही उलटते. हे फेरोविद्युत वर्तन होय. नावात ‘फेरो’ असले तरी त्यासाठी लोखंडाची गरज नाही. नाव लोहचुंबकत्वाशी असलेल्या साम्यावरून पडले.

पेरोव्हस्काइट या स्फटिकरचनेच्या कुळातले बेरियम टायटॅनेट हे याचे ठळक उदाहरण. १२० अंश सेल्सिअसच्या वर त्याची एकक कोशिका घनाकार असते आणि टायटॅनियमचा आयन सहा ऑक्सिजनांच्या बरोबर मध्यभागी बसतो. तापमान उतरले की कोशिका एका दिशेने जेमतेम एक टक्का लांबते, आयन मध्यापासून किंचित सरकतो आणि ध्रुवण उपजते. गॅसच्या लायटरमध्ये दाबाने ठिणगी पाडणारा सिरॅमिकचा तुकडाही बहुधा याच कुळातला, शिसे-झिर्कोनियम-टायटॅनियमयुक्त असतो.

फेरोविद्युत आणि चुंबकीय क्रम एकाच पदार्थात नांदतात तेव्हा तो बहुफेरोइक ठरतो. असे पदार्थ विरळ, कारण टायटॅनियमचे सरकणे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या डी-कक्षांवर अवलंबून असते, तर चुंबकत्वाला त्या अंशतः भरलेल्या लागतात. बिस्मथ फेराइट या पेरोव्हस्काइटात ही अडचण सुंदर रीतीने सुटते: ध्रुवण बिस्मथ घडवतो, चुंबकत्व लोह.

याच पदार्थावर भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. भिडे आणि एम. एस. मुलतानी यांनी मॉसबाउअर परिणामाच्या (अणुकेंद्रकांनी गॅमा किरण प्रत्याघाताविना शोषण्याच्या) साहाय्याने केलेले संशोधन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बहुफेरोइक’ ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे. भिडे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.