चाळिशीची किंमत

नायगावच्या आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून तयार चष्मे विकणारा माणूस गिऱ्हाइकाच्या हाती जुने वर्तमानपत्र देतो. एकामागून एक चष्मे डोळ्यांवर चढतात, अक्षर लागले की सौदा संपतो. तेथून तासाभरावर, नांदेडच्या दिवे लावलेल्या दुकानांत, प्रश्न निराळा असतो. तेथे नंबर काढण्याचे काम पाच-दहा मिनिटांत उरकते आणि मग अर्धा तास फ्रेम निवडण्यात जातो. पाचशे रुपयांची फ्रेम आणि पंधरा हजारांची फ्रेम शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोहोंत बसणारी काच एकच. तेव्हा महाग फ्रेम त्या पैशांच्या लायकीची असते काय, हा प्रश्न आम्हांलाही पडला. प्रश्न वरकरणी बाजारी आहे. पण त्याचे उत्तर शोधताना आम्ही इतिहासाकडे वळलो, आणि तेथे तो तितकासा बाजारी राहिला नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. या वस्तूला मराठीत चाळिशी, चष्मा आणि उपनेत्र अशी नावे आहेत. निजामी राज्यात उर्दू शाळांतून शिकलेल्या आमच्याकडील जुन्या मंडळींच्या तोंडी 'ऐनक' हा शब्दही असे. 'चाळिशी' हे नाव त्यांतले सर्वांत घरगुती. ते वस्तूचे वर्णन करीत नाही, माणसाच्या वयाचे करते. 'चष्मा' फारसी 'चश्म' म्हणजे डोळा, त्यावरून आला. 'उपनेत्र' म्हणजे डोळ्याच्या जोडीचा डोळा. ही सारी नावे डोळ्याभोवती किंवा वयाभोवती फिरतात. काच ज्या सांगाड्यात बसते त्याचा निर्देश एकातही नाही. त्याच्या एका भागाला आपण 'काडी' म्हणतो. अख्ख्या सांगाड्याला मात्र इंग्रजी 'फ्रेम' हाच शब्द उरला. ज्या गोष्टीसाठी आज आपण सर्वांत जास्त पैसे मोजतो, तिला भाषेने स्वतःचे नाव देण्याची गरज मानली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

चष्म्याचा शोध तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत लागला. १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये दिलेल्या एका प्रवचनात जॉर्दानो नावाच्या धर्मगुरूने, ही कला सापडून अजून वीस वर्षेही झाली नाहीत, असे सांगितल्याची नोंद आहे. हिंदुस्थानातील चष्म्याच्या इतिहासाचा माग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी काढला. पोथ्यांच्या पानोपानी अशा 'किरकोळ' वस्तूंचा शोध घेणे हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग होता. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने गौरविलेले व्यासतीर्थ चष्म्याच्या साहाय्याने ग्रंथ वाचत, हा सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरिता'तील उल्लेख गोडे यांच्या लेखामुळे अभ्यासकांसमोर आला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मुघल दरबारच्या मीर सय्यद अली या चित्रकाराने आपल्या वृद्ध पित्याचे चित्र काढले, तेही चष्मा घातलेलेच. आपल्याकडे चष्मा आला तो असा, वाचणाऱ्या आणि चितारणाऱ्या वृद्धांच्या नाकावर.

नाकावर, कारण कानांवर जाणाऱ्या काड्या तेव्हा नव्हत्याच. चारशेहून अधिक वर्षे माणसे चष्मा हाताने धरीत, नाकावर चिमटवीत किंवा दोरीने बांधीत. कडक काड्यांचा चष्मा लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट या कारागिराने १७३० च्या सुमारास विकायला काढला. फ्रेमच्या इतिहासात खरी क्रांती घडली असेल तर ती हीच. हात मोकळे झाले. वाचता वाचता लिहिता येऊ लागले, सुईत दोरा ओवता येऊ लागला. फ्रेमचे काम काय, याचे उत्तर येथे सापडते: काच डोळ्यांसमोर नेमकी आणि स्थिर धरणे, आणि ती धरली आहे हे माणसाला विसरायला लावणे.

पण या कामाच्या जोडीला मिरवणेही फार आधीपासून आहे. सतराव्या शतकातील स्पेनमध्ये उमराव मंडळी मोठाले चष्मे प्रतिष्ठेसाठी घालीत. समुद्री कासवाच्या कवचाच्या फ्रेमा श्रीमंतीची खूण ठरल्या. पुढे सेल्युलॉइडने त्या कवचाची नक्कल केली आणि तीच तपकिरी-पिवळी नक्षी आजच्या ॲसिटेटच्या फ्रेमांवर उतरली आहे. या हौसेचे टोक पाहायचे तर २०२१ साली लंडनमध्ये लिलावासाठी आलेले दोन मुघल चष्मे पाहावेत. एकाला भिंगांच्या जागी हिऱ्याचे पातळ काप, दुसऱ्याला पाचूचे. प्रत्येकी १५ ते २५ लाख पौंड अपेक्षित होते. दोन्ही विकले गेले नाहीत.

त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिस्टलच्या एका लिलावगृहाच्या टपालपेटीत कोणी साध्या लिफाफ्यात घालून एक गोल चष्मा टाकून गेले होते. तो महात्मा गांधींचा होता. दहा-पंधरा हजार पौंडांची अपेक्षा असताना त्याला दोन लाख साठ हजार पौंड आले. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा चोरीस गेल्याचे २०११ साली उघड झाले, तेही या संदर्भात आठवते. कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह रेखाटताना चेहरा काढलाच नाही. दोन वर्तुळे आणि त्यांना जोडणारी कमान एवढ्यावर त्यांचे भागले. फ्रेमने माणसाला मोठे केल्याचे उदाहरण आम्हांस सापडत नाही. माणसाने फ्रेमला मोठे केल्याचे हे उदाहरण मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहे, नोटेवरसुद्धा.

चष्मा ही चैन की गरज, हा वाद राज्यकारभारातही शिरला आहे. १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा चष्मे मोफत मिळू लागले. मागणी अंदाजापलीकडे गेली, कारण तोवर असंख्य लोक चष्म्यावाचूनच दिवस काढीत होते. १९५१ साली सरकारने कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसवायचे ठरवले, आणि या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एका मंत्र्याने चष्म्याच्या किमतीला तत्त्वाचा प्रश्न मानावे, ही गोष्ट आज आपणांस नवलाची वाटते. कारण मधल्या काळात चष्मा दवाखान्यातून निघून दालनात गेला.

या स्थलांतरालाही तारखा आहेत. इटलीतील लक्सॉटिका या कंपनीने १९८८ साली जॉर्जिओ अरमानी या वेशभूषाकाराशी करार केला आणि त्याच्या नावाच्या फ्रेमा बनवू लागली. पुढे शनेल, प्राडा अशी नावे त्याच वाटेने आली. १९९९ साली रे-बॅन हे नाव तिने विकत घेतले आणि २०१८ साली भिंगे बनवणाऱ्या एसिलॉर या फ्रेंच कंपनीशी ती एकरूप झाली. ग्राहकाला दहा नावे दिसतात; पुष्कळदा त्या दहांचा कारखानदार एकच असतो. काडीवर कोरलेल्या नावासाठी मोजलेले पैसे नजरेसाठी नसतात, एवढे यावरून कळावे.

मग स्वस्त तेच चांगले काय? तसेही नाही, हे आम्ही स्वतः पैसे मोजून शिकलो आहोत. एका दुकानातून सोनेरी मुलाम्याची, बऱ्यापैकी महाग फ्रेम आम्ही घेतली. मराठवाड्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात घामाने मुलामा उडाला, नाकाजवळ हिरवट गंज चढला आणि कातडीला खाज सुटली. दुकानदाराने हवेला दोष दिला. दोष धातूचा होता: घाम सतत लागला की हलका मुलामा टिकत नाही आणि आतले निकेल कित्येकांच्या कातडीला सोसत नाही. टायटॅनियम गंजत नाही, पोलादाहून बरेच हलके असते. त्याला जास्त पैसे द्यावेत. चांगल्या ॲसिटेटची काडी गरम करून कानाच्या मापाने वळवता येते, बिजागरीचा स्क्रू बदलता येतो; त्यालाही द्यावेत. दूरचे व जवळचे एकाच काचेतून पाहण्याचा नंबर असेल तर फ्रेम नाकावरून जराशी घसरली तरी काचेचा नको तो भाग डोळ्यापुढे येतो. तेथे फ्रेमची पकड हाच नंबराचा भाग ठरतो. पाचशेच्या फ्रेमेपासून दोन-तीन हजारांच्या फ्रेमेपर्यंत चढत जाताना पैशांचा मोबदला मिळतो, असा आमचा अनुभव आहे. त्यापुढे चढते ती मुख्यतः नावाची किंमत. ती ज्याला द्यायची त्याने खुशाल द्यावी. ती नजरेची किंमत आहे, असे मात्र समजू नये.

येथे हा लेख संपवता आला असता. पण आमच्या आत्याबाईंची आठवण आडवी येते. डाळ निवडताना त्या सूप घेऊन दारात, उजेडात सरकत. पुढेपुढे त्यांच्या हातच्या वरणात खडे लागू लागले आणि घरातली माणसे हसू लागली. त्या उजेडाला बोल लावीत, आम्ही त्यांच्या वयाला. चष्म्याचे नाव निघाले की त्याच म्हणत, "मला काय पोथी वाचायचीय व्हय?" त्या वर्षी घरात दोन नव्या फ्रेमा आल्या होत्या, दोन्ही शिकलेल्या पुरुषांच्या. व्यासतीर्थांपासून आमच्या घरापर्यंत चष्मा हा वाचणाऱ्याचा हक्क मानला गेला. निवडणाऱ्या, शिवणाऱ्या, निंदणाऱ्या हातांनाही डोळे लागतात हे कोणाच्या ध्यानीच आले नाही.

ते किती लागतात, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मोजून दाखवले. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांपैकी निम्म्यांना जवळचे पाहण्याचे साधे, स्वस्त चष्मे दिले गेले. ज्यांना मिळाले त्यांची पानांची रोजची खुडणी इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. त्या फ्रेमांवर कोणाचे नाव होते, हे कोणी विचारले नाही.

आत्याबाईंना चष्मा मिळाला तो फार उशिरा, त्या ताडपत्रीवरचा. दोन्ही डोळ्यांची नजर सारखीच उतरली होती, म्हणून तो चाललाही. पहिल्या दिवशी त्यांनी सूप घेतले नाही. नातवाचे पुस्तक उघडून त्या नुसत्या अक्षरांकडे पाहत बसल्या. त्यांना वाचता येत नव्हते. मग फ्रेमची काडी चाचपत म्हणाल्या, "केवढ्याची हाय?" आम्ही किंमत सांगितली. त्यांना ती महाग वाटली.