वावळ, वावडी आणि वारा

हळद शिजवायचे दिवस आले की हिंगोली जिल्ह्यात ‘सरपण’ हा शब्द एरवीपेक्षा जास्त कानावर पडतो. त्याचे मूळ ‘श्रपण’ म्हणजे शिजवणे, यात असावे. ‘श्र’ फुटून ‘सर’ झाला हे सरळच आहे. पण मधला ‘प’ टिकला कसा? प्राकृताच्या वाटेने शब्द आला असता तर ‘दीप’चा ‘दिवा’ झाला तसा ‘श्रपणा’चा ‘सरवण’ व्हायला हवा होता. तेव्हा हा उशिरा आलेला अर्धतत्सम दिसतो. क्रियेचे नाव साधनाला लागणे हे मराठीला नवे नाही. ‘जळण’ही तसेच घडले आहे.

‘इंधन’ त्याहून जुने. ‘इन्ध्’ म्हणजे पेटवणे. समिधांना वेदात ‘इध्म’ म्हणतात. अवेस्तात त्याचेच भावंड ‘अएस्म’, आणि त्यावरून फारसीत ‘हेजुम’, अर्थ तोच, सरपण. मराठवाड्याचे दप्तर निजामी अमलात आधी फारसीत आणि मग उर्दूत चालले, पण हा शब्द काही आपल्या चुलीपाशी आला नाही. येण्याची गरजही नसावी, कारण त्याचा सख्खा भाऊ इथे आधीपासून नांदत होता. ‘लाकूड’ तर ‘लगुड’ म्हणजे सोटा, त्याच्या प्राकृत ‘लक्कुड’ रूपावरून आले. सोट्याचा अर्थ रुंदावत अख्ख्या काष्ठजातीवर पसरला.

आता याच सरपणात येणारे एक झाड, वावळ. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या माणसाला हे झाड दाखवायला नको. पण मोळीत बांधलेले लाकूड ओळखायचे तर पानाफुलांचा आधार नसतो. तिथे साल आणि वास यांवरच भिस्त. साल राखाडी, बारीक फोडांची, जुन्या खोडावर खपल्यांनी सुटणारी. आत लाकूड फिकट पिवळसर. बाभळीसारखा तांबूस गाभा वेगळा दिसत नाही. ओल्या लाकडाला आणि चुरगाळलेल्या पानाला एक उग्र, नकोसा दर्प असतो.

हा दर्प संस्कृतात पोचला आहे. वावळाचे एक नाव ‘पूतिकरंज’, म्हणजे दुर्गंधी करंज. करंज का? दोघांत साम्य फार थोडे. करंजाचे पान संयुक्त, पाच-सात पर्णिकांचे, फळ शेंगेचे. वावळाचे पान साधे, अखंड कडेचे, फळ चपटे. तरी नावांची गुंतागुंत जुनी आहे. दुसरे नाव ‘चिरबिल्व’. आयुर्वेदात ते आज वावळाला लावतात, अमरकोशात मात्र ते ‘नक्तमाला’शेजारी करंजाच्या पर्यायांत बसले आहे. गुजरातीत वावळाला ‘कणजो’ म्हणतात, तेही करंजाचेच रूप दिसते. हिंदीतला ‘चिलबिल’ चिरबिल्वावरून आला हे सहसा मान्य आहे. पण बेलाच्या टणक, गोल फळाची आठवण वावळापाशी का व्हावी, हे काही उलगडत नाही. गुजरातीत ‘चरेल’ हे आणखी एक नाव आहे. ते पाहिले की वाटते, ‘चर-चिल’ असा काही देशी शब्द आधी असावा आणि पंडितांनी त्याला ‘चिरबिल्व’ हा संस्कृत पोशाख चढवला असावा.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने या झाडाला सरळ एल्मच्या ‘उल्मस’ प्रजातीत घातले होते. १८४८ साली प्लांशों या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते वेगळे काढून ‘होलोप्टेलिया’ हे नाव दिले: ग्रीक ‘होलोस’ म्हणजे अखंड, ‘प्टेलेया’ म्हणजे एल्म. हे नाव पानाफळांच्या आकारातून निघाले. संस्कृत नाव नाकाला विचारून ठेवलेले.

मराठी नाव यांतले कशावरून? फाल्गुन-चैत्रात झाड निष्पर्ण असताना फांद्यांवर हिरवे घोस लटकतात, लांबून पालवीच वाटते. त्यातले एक फळ तळहातावर घ्यावे: मध्ये चपटे बी, भोवती जाळीदार शिरांचे कागदी पंख, टोकाला बारीकशी खाच. वाळले की वाऱ्यावर दूर जाते. म्हणून मला ‘वात’ हेच मूळ जवळचे वाटते. ‘वात’चे ‘वाव’ मराठीत ‘वावटळी’त आहे, पतंगाला म्हणतात त्या ‘वावडी’त आहे. हिंदीतली ‘बायबिडंग’ मराठीत ‘वावडिंग’ होते, म्हणजे वनस्पतींच्या नावांतही ही वाट मळलेली दिसते. ‘वातूल’वरून ‘बावळा’ आला असे मानतात. पण मराठी आरंभीचा ‘व’ सहसा राखते, वाट आणि वारा यांत राखलाच आहे. ‘बावळा’ हिंदीच्या संगतीने आला असेल तर ‘वातूल’चे अस्सल मराठी रूप ‘वावळा’च व्हायला हवे होते! झाडाचे ‘वावळा’ हे रूपही प्रचारात आहेच.

‘वावर’ म्हणजे शेत, त्यावरून हे नाव आले असावे असेही कुणी सुचवेल. पण ‘र’चा ‘ळ’ होण्याला इथे कारण दिसत नाही.

खरी अडचण दक्षिणेकडून येते. मलयाळममध्ये याच झाडाला ‘आवल’ म्हणतात. मराठवाड्याशेजारच्या तेलुगूत मात्र ‘नेमलिनार’; ‘नेमलि’ म्हणजे मोर, ‘नार’ म्हणजे तंतू, आणि याच्या आतल्या सालीचा वाख निघतोच. ‘आवल’ आणि ‘वावळ’ इतके जवळ आहेत की वाऱ्याची व्युत्पत्ती डळमळते. आरंभीचा ‘व’ कुठून आला हे सांगता आले, तर वावळ द्राविडी ठरेल आणि ‘वात’ ही मागाहून सुचलेली जुळणी ठरेल. हिंगोली-नांदेडकडे वावळाच्या पंखवाल्या फळाला निराळे नाव असेल, आणि त्यातही हा ‘वाव’ सापडला, तर पारडे पुन्हा वाऱ्याकडे झुकेल.