राक्षसाची जात : लोणारची आख्यायिका आणि कल्पित विश्वातील भूमिका-खेळ

प्रस्तावना

कल्पित विश्वातील एखादा समूह जन्मतःच दुष्ट ठरविणे ही केवळ कथनाची सोय नसते. त्यामागे माणसांची प्रतवारी लावण्याची एक दृष्टी असते. पाश्चात्त्य भूमिका-खेळांच्या संदर्भात या प्रश्नाची अलीकडे बरीच चर्चा झाली. तथापि हा प्रश्न वऱ्हाडाला परका नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची आख्यायिका याच प्रश्नाशी येऊन भिडते. प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

खेळ आणि वंश

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रकाशित झाला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात, एक जण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो आणि कृतीचे यशापयश फाशांवर ठरते. पात्र घडविताना खेळाडूला मानव, एल्फ, ड्वार्फ असा एखादा 'वंश' निवडावा लागे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क पात्राच्या बळात दोन गुणांची वाढ होई, तर बुद्धी व प्रभाव यांत प्रत्येकी दोन गुण कमी होत. बुद्धी रक्तातून येते हा सिद्धांत अशा रीतीने नियम म्हणून छापला गेला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून हिंदुस्थानातील जातींची क्रमवारी लावू पाहिली होती. खेळाच्या कर्त्यांनी रिस्ले वाचला असेल असे मानण्याचे कारण नाही. कोष्टकाची रीत मात्र तीच आहे.

भारतीय राक्षसही या खेळात दाखल झाला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो वाघाच्या तोंडाचा, उंची पोशाखात चिलीम ओढणारा असा चितारला आहे, आणि त्याची संपूर्ण जमात दुष्ट म्हणून नोंदविली आहे. मूळ परंपरा इतकी सरळसोट नाही. राक्षसकुळात बिभीषण जन्मतो, दैत्यकुळात प्रल्हाद जन्मतो. नियमपुस्तकाच्या कोष्टकात अशा अपवादांना जागा उरली नाही.

लोणारचा दैत्य

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले आहे. आख्यायिकेनुसार ही लवणासुराची भूमिगत गुहा होय. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींना वश करून लपण्याची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने गुहेचे झाकण उडविले आणि आत निजलेल्या दैत्याचा वध केला. ते झाकण म्हणजे धातेफळजवळची टेकडी, आणि सरोवराचे खारे पाणी म्हणजे दैत्याचे रक्त, अशी समजूत आहे. गावातील दैत्यसूदन मंदिरात हीच कथा पाषाणात कोरली आहे.

कथेचे तपशील बारकाईने पाहण्याजोगे आहेत. वध होतो तो निजलेल्याचा, आणि तोही बहिणींच्या फितुरीने. दैत्याने लोकांना पीडा दिली एवढेच त्रोटकपणे सांगितले जाते. त्याची स्वतःची बाजू कोठेच येत नाही. नियमपुस्तकातील ऑर्कालाही अशी बाजू नव्हती. मारला जाणे हेच त्याचे काम!

ही बाजू मांडण्याचे धाडस महाराष्ट्रात प्रथम जोतीराव फुले यांनी केले. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांस अर्पण केलेल्या 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात त्यांनी अवतारकथा आर्यांनी एतद्देशीयांवर केलेल्या आक्रमणाचा इतिहास म्हणून वाचल्या. राक्षस म्हणजे मुळात रक्षक, आणि बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा, असे त्यांचे प्रतिपादन होते. सातपुड्यात, बुलढाण्याला लागून असलेल्या मेळघाटात, कोरकूंची उत्पत्तिकथा आणखी निराळी आहे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली नोंदविलेल्या या कथेत रावणाला सातपुडा निर्मनुष्य दिसतो. तो महादेवाला विनवितो आणि महादेव वारुळाच्या तांबड्या मातीतून पहिले स्त्री-पुरुष घडवितो. येथे रावण शत्रू नाही. त्याच्या विनवणीमुळेच माणूस जन्मला.

फुल्यांच्या मांडणीत एक अडचण राहते, ती दृष्टिआड करणे योग्य नव्हे. दुष्ट कोण आणि सज्जन कोण हे त्यांनी उलटविले, परंतु वंशाची चौकट वसाहतकालीन विद्वानांचीच राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती चौकटच नाकारली. पंजाबातील ब्राह्मण व पंजाबातील अस्पृश्य यांत वंशभेद नाही, हे त्यांनी 'जातिनिर्मूलना'त (१९३६) मांडले, तर 'शूद्र पूर्वी कोण होते' (१९४६) या ग्रंथात आर्यवंशाच्या सिद्धांताचे सविस्तर खंडन केले. या संदर्भात आंबेडकरांची भूमिका अधिक टिकाऊ वाटते.

शब्दाचा प्रश्न

खेळाच्या प्रकाशकांनी २०२० साली ऑर्क व ड्राऊ यांच्या चित्रणात बदल करण्याचे जाहीर केले, आणि २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्द काढून 'प्रजाती' या अर्थाचा शब्द घातला. इंग्रजीत हा बदल लक्षणीय आहे. मराठीत मात्र आंब्याची जात, बैलाची जात आणि माणसाची जात यांना बोलीत एकच शब्द आहे. 'प्रजाती' हा पाठ्यपुस्तकातला शब्द, टेबलाभोवती बसलेली वऱ्हाडातली मुले पात्र निवडताना एकमेकांना "तुही जात कोनती?" असेच विचारतील.