नॅशनल कन्फेक्शनर्स असोसिएशन : समित्यांची रचना

अमेरिकेतील गोळ्या-चॉकलेट उत्पादकांची ही संघटना १८८४ साली शिकागोत स्थापन झाली. मिठाईतल्या भेसळीचा तेव्हा मोठा बोभाटा होता.

समित्यांवर बसतात सभासद कंपन्यांचीच माणसे. एरवी दुकानाच्या फळीवरल्या वीतभर जागेसाठी झगडणारे स्पर्धक इथे एका टेबलाभोवती येतात. गंमत अशी, की जो विषय सर्वांच्या जिव्हाळ्याचा, तो भावाचा, तोच वर्ज्य! अमेरिकेच्या १८९०च्या शर्मन कायद्यानुसार संगनमताने किमती ठरवणे हा गुन्हा आहे. मग चर्चा रंगते ती अन्नसुरक्षा, वेष्टनावरील मजकुराचे नियम आणि विशेषतः सरकारी साखरधोरण यांवर. देशी साखर महाग ठेवणाऱ्या त्या धोरणाला संघटनेचा जुना विरोध आहे.

संघटनेचे ‘स्वीट्स अँड स्नॅक्स एक्स्पो’ हे वार्षिक प्रदर्शन २०२४ मध्ये शिकागोऐवजी इंडियानापोलिसला भरले.