चिनी कोरीव रोगणी पात्रें : नख व नाममुद्रा

पोथींतील हरताळ लावलेलीं अक्षरेंही वाचून टिपावीं, हा संशोधकांचा परिपाठ आहे. चिनी राजदरबाराच्या कोरीव रोगणी पात्रांसही तोच नियम लागू केला पाहिजे, असें आमचें मत आहे.

प्रथम द्रव्याविषयीं. आपल्याकडील लाख, म्हणजे संस्कृतांतील लाक्षा, ही कीटकजन्य; चिनी रोगण हा एका वृक्षाचा चीक होय. लांकडी गाभ्यावर त्याचा पातळ थर देऊन तो दमट हवेंत घट्ट होऊं द्यावयाचा. असे कित्येक थर, क्वचित् शंभरांवरही, चढले म्हणजे त्यांत नक्षी कोरीत. तांबडा रंग हिंगुळाचा.

ही नक्षी सार्थ असे. पीच फळ व क्रौंच पक्षी हीं दीर्घायुष्याचीं चिन्हें, जियाजिंग राजशकांत (इ. स. १५२२–१५६६) त्यांचा विशेष भर दिसतो. पांच नखांचा ड्रॅगन हें सम्राटाचें चिन्ह. लंडन येथील व्हिक्टोरिया व आल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत शुआन्दे राजशकाची (इ. स. १४२६–१४३५) मुद्रा असलेलें एक कोरीव मेज आहे. त्यावरील ड्रॅगनांचें पांचवें नख मागाहून काढून टाकलेलें आहे. मेज राजवाड्याबाहेर गेलें तेव्हां राजचिन्ह उतरविलें असावें, असें अनुमान होतें. केवळ ‘चार नखें’ अशी नोंद करणारा त्याचें राजकुळ गमावून बसेल.

मुद्रांचेंही तसेंच. योंगले राजशकाची (इ. स. १४०३–१४२४) मुद्रा तळाच्या कडेजवळ, सुईनें ओढल्यासारख्या बारीक रेघांत असते, शुआन्दे मुद्रा ठळक, खोल कोरून सोन्यानें भरलेली. परंतु कित्येक शुआन्दे मुद्रा योंगले मुद्रा खोडून घातलेल्या आढळतात. नवें काम पूर्वीच्या तोलाचें उतरेना, म्हणून कारागिरांनीं जुनींच पात्रें मिळवून त्यांवर नवी मुद्रा घातली, असें मिंग काळाच्या अखेरीस चीनमध्यें लिहिलें गेलें. हें कारण मानावें वा न मानावें. खालच्या रेघा नाकारतां येत नाहींत.

सारांश, मुद्रा ही पात्राच्या घडणीची तिथि नव्हे. तो त्यावर पुढें सांगितलेला हक्कही असूं शकतो. म्हणून सूचि करणारानें मुद्रेचा पाठ, तिची खोली, स्थान व तिजखालील खोड हीं चारही निरनिराळीं नोंदवावींत, आणि कालनिर्णय घडण व कोरणी पाहूनच करावा.